डोक्याला मार लागून महिने उलटले तरी त्रास जात नाही? ऑक्सिजन चेंबरचा विचार करणाऱ्या सोलापूरकरांसाठी

डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आला, डॉक्टरांनी घरी पाठवलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण दोन-तीन महिने उलटले तरी डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास, चिडचिड, विसरणं यातलं काहीतरी चालूच आहे. घरातले म्हणतात, "बाहेरून तर काहीच दिसत नाही." मग कुणीतरी मोबाईलवर पारदर्शक नळकांड्यात झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ पाठवतं. हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन घेणं. चाळीस सेशन, मेंदू पुन्हा पहिल्यासारखा.

माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हेच झालं. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. दुचाकी घसरून डोकं आपटलं, हेल्मेट होतं म्हणून वाचला. पण पुढे यंत्रमागांच्या खडखडाटात त्याला पाच मिनिटं उभं राहवेना. तपासण्या, फाईल, फोनाफोनी, पुण्यातला मुक्काम हे सगळं मी सांभाळलं. तो चेंबरमध्ये जाऊन आला. मी डॉक्टर नाही आणि कुणाला उपचार सुचवत नाही. कुठलं काम कुठल्या क्रमानं करायचं, पैसे आणि वेळ कुठे वाया जातात आणि जिवाला धोका कुठे असतो, एवढंच सांगते. माझं मत आधीच स्पष्ट करते: या त्रासासाठी चेंबर हा पहिला उपचार नाही, दुसराही नाही. साधे उपचार नीट पुरे केल्याशिवाय तिकडे वळू नका.

१. धोक्याचं काही नाही ना, हे आधी बघा

डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल, वारंवार उलट्या होत असतील, फिट आली, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही वाहिलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट अपघात विभाग गाठा.

म्हाताऱ्या माणसांबद्दल जास्त जपा. वय झालेलं असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर मेंदूभोवती रक्त हळूहळू साचत जाऊन त्याची लक्षणं कित्येक आठवड्यांनी दिसू शकतात. पहिल्या दिवशीचा सीटी नॉर्मल होता म्हणून निर्धास्त राहू नका. चालण्यात, बोलण्यात, वागण्यात फरक पडला तर डॉक्टरांना सांगा. बहुतेकदा स्कॅन पुन्हा करायला सांगतात.

२. त्रास नेमका कशामुळे आहे, ते शोधून घ्या

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हिसका. त्यात पेशींचं काम बिघडतं, पण रक्तस्राव किंवा हाड मोडणं नसेल तर सीटीत काही दिसत नाही. म्हणून "सीटी नॉर्मल" याचा अर्थ "त्रास खोटा" असा होत नाही. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात. ज्यांचा त्रास रेंगाळतो, त्यांच्यात बऱ्याचदा एकच एक कारण नसतं. चार-पाच गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर नुसतं "चक्कर येते" म्हणू नका. पलंगावर कूस बदलताना खोली काही सेकंद गरगरते का? चालताना तोल एका बाजूला जातो का? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? पहिला प्रकार असेल तर कानाच्या आतल्या बारीक खड्यांची जागा हलल्याची शक्यता असते. ईएनटी डॉक्टर तपासणीच्या टेबलावर डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते ओळखतात आणि तसंच फिरवून बरंही करतात. कधीकधी एका भेटीतच. त्यासाठी कुठल्याही चेंबरची गरज नसते.

तसंच बाकीचं. वाचताना अक्षरं दोन-दोन दिसत असतील, ओळ सुटत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दोन्ही डोळे एकत्र काम करतात का ते तपासून घ्या. फक्त चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. डोकेदुखी मानेपासून वर चढत असेल तर मान तपासा. झोप मोडली असेल, रडू येत असेल, गाडीचा हॉर्न ऐकून छातीत धडधडत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जायला लाजू नका. अपघाताची भीती आणि मेंदूचा धक्का यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात.

डॉक्टरांचे दवाखाने सोलापुरात भरपूर आहेत, पण प्रत्येकाची फी वेगळी भरणं जड जात असेल तर श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, विसरू नका. वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं असल्यानं मेडिसिन, कान-नाक-घसा, नेत्र, मानसोपचार असे विभाग एकाच आवारात मिळतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रांगेच्या गोंगाटात रुग्णाला उभं करू नका. सोबतच्यानं उभं राहावं, रुग्णाला सावलीत, शांत जागी बसवावं.

एक कागद घरीच तयार करा. कन्कशननंतरची लक्षणं मोजायला डॉक्टर रिव्हरमीड नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यात १६ लक्षणं असतात आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण द्यायचे असतात. डॉक्टरांकडून ती मागून घ्या आणि दर रविवारी भरा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर रुग्णाला प्रश्न त्याच भाषेत विचारा, उत्तरं खरी येतात. पुढचे सगळे निर्णय याच कागदावर होणार आहेत.

३. साधे उपचार आधी पुरते करा

हा टप्पा लोक उडी मारून ओलांडतात, म्हणून इथे जरा थांबते.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची परिषद झाली. तिथल्या निष्कर्षांप्रमाणे पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हलकी हालचाल चालू ठेवून आराम, आणि मग हळूहळू चालणं-फिरणं वाढवणं. १३ ते १८ वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुखापतीनंतर लवकरच बेताचा एरोबिक व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, तर नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस लागले.

रेंगाळलेल्या त्रासातही हाच व्यायाम वापरतात. पद्धत अशी: फिजिओथेरपिस्ट ट्रेडमिलवर किंवा सायकलवर बघतात की नाडीचे किती ठोके झाल्यावर लक्षणं वाढतात. त्या आकड्याच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच रोज व्यायाम करायचा. लक्षणं वाढतील त्याच्या अलीकडे थांबायचं, पण रोज करायचं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा चालायला पहाटेच जा. उन्हानं आणि पाणी कमी पडल्यानं डोकेदुखी वाढते आणि व्यायामालाच दोष दिला जातो.

तोल आणि नजरेच्या व्यायामांना व्हेस्टिब्युलर रिहॅबिलिटेशन म्हणतात. बोटावर नजर रोखून मान हलवणं, एका रेषेत चालणं, असे दिसायला अगदी किरकोळ व्यायाम असतात. सुरुवातीला त्यांनी थोडं गरगरतं, आणि बरेच जण घाबरून आठवड्यात सोडून देतात. भावाचा चालतानाचा तोल याच व्यायामांनी सुधारला, चेंबरच्या कितीतरी आधी. फिजिओथेरपिस्टना फोनवर आधी विचारा की ते चक्कर-तोलाचे व्यायाम शिकवतात का. सगळेच शिकवत नाहीत.

आता गोळ्या. डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी, हे आपल्याकडे सर्रास चालतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस आणि मिश्र (एकात दोन-तीन औषधं असलेल्या) गोळ्या १० किंवा जास्त दिवस अशा काही महिने घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहते. मार लागून चार महिने झालेल्या माणसाची डोकेदुखी कधीकधी माराची उरलेलीच नसते, गोळ्यांची असते. गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली ते मोजा आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा. एकदम बंद करणं किंवा चालू ठेवणं, दोन्ही त्यांच्या सल्ल्यानंच.

झोपेची वेळ ठरलेली ठेवा. घरात दिवसभर काळा चष्मा लावून बसू नका, त्यानं डोळे उजेडाला आणखी हळवे होतात. कामावर परत जाताना मालकाशी बोलून अर्ध्या पाळीनं, आवाजापासून लांबच्या कामानं सुरुवात करा. टॉवेलच्या घड्या, पॅकिंग असं काहीतरी. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरची गर्दी, दिवे आणि लाऊडस्पीकर त्या वर्षापुरते टाळा.

हे सगळं नीट, सलग दोन-तीन महिने झालं आणि तरीही रविवारच्या कागदावरचे गुण उतरले नाहीत, तरच पुढे वाचा.

४. चेंबर म्हणजे काय, आणि काय नाही

आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो आणि निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन त्यानंच जवळपास पूर्ण भरलेलं असतं. म्हणून रक्तात आणखी ऑक्सिजन घालायचा तर तो रक्ताच्या पाण्यासारख्या भागात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळवावा लागतो. त्यासाठी दाब लागतो. गोटी सोड्याच्या बाटलीत दाबामुळे गॅस पाण्यात विरघळलेला राहतो, तेच तत्त्व. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. ३ वातावरण दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर सुमारे ६ मिलिलिटर. दाब मोजायचं एकक एटीए. आपण राहतो तो दाब साधारण १ एटीए. कन्कशनवरच्या अभ्यासांत बहुतेक ठिकाणी १.५ एटीए वापरलेला आहे.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवा. कोविडच्या वेळी घेतलेलं घरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हायपरबेरिक नव्हे. त्यात दाब नसतो. तासभर ऑक्सिजनचा मास्क लावून "थेरपी" म्हणणारं दुकान हेही नव्हे. आणि चेन लावून फुगवायची मऊ बॅग सहसा १.३ एटीएपर्यंतच जाते आणि पुष्कळदा तिच्यात साधी हवाच भरतात. तिला रुग्णालयातल्या कडक भिंतीच्या चेंबरइतकं मानू नका, आणि तेवढे पैसेही देऊ नका.

पाणबुड्यांचा दाबाचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहातल्या पायाच्या काही जखमा, रेडिएशननंतर उशिरा होणारी इजा, अचानक आलेला बहिरेपणा अशा ठरावीक आजारांसाठी हा उपचार मान्य आहे. अमेरिकेतली समुद्राखालच्या आणि दाबाच्या वैद्यकाची संस्था अशा आजारांची यादी ठेवते. कन्कशन त्या यादीत नाही. तिथल्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनंही, त्यासाठी चेंबरला मान्यता दिलेली नाही.

५. अभ्यास काय सांगतात, ते सेंटरच्या पत्रकाबाहेर वाचा

मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला आणि तो लावल्याचं समाधान आहे. कारण प्रत्येक सेंटर एकच बाजू दाखवतं.

अमेरिकी सैन्यात स्फोटांमुळे कन्कशन झालेले जवान खूप होते, म्हणून तिथे चांगले अभ्यास झाले. २०१२ च्या अभ्यासात ५० जण होते. निम्म्यांना २.४ एटीएवर ऑक्सिजन, निम्म्यांना १.३ एटीएवर साधी हवा, आणि आपल्याला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नाही. ३० सेशननंतर दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच. २०१५ च्या अभ्यासात ७२ जण होते: एका गटाला नेहमीचे उपचार, एकाला १.५ एटीएवर ऑक्सिजन, एकाला १.२ एटीएवर हवा, ४० सेशन. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे निघाले, पण ऑक्सिजन आणि हवा यांत फरक नव्हता. २०१८ मध्ये आलेल्या, ७१ जणांच्या अभ्यासात ऑक्सिजनच्या गटाला सुरुवातीला थोडा फायदा दिसला, मनावरच्या आघाताची लक्षणं असलेल्यांना जास्त. वर्षाअखेर तो टिकला नव्हता.

दुसरी बाजू इस्रायलची. तिथे २०१३ मध्ये ५६ जणांवर १.५ एटीएचे ४० सेशन करून स्मरण आणि लक्ष सुधारल्याचं आढळलं. पण त्यात खोटा उपचार (चेंबरमध्ये नेऊन नुसती हवा) घेणारा तुलनेचा गट नव्हता. २०२२ मध्ये ८ ते १५ वयाच्या २५ मुलांवर ६० सेशन झाले, त्यात तसा गट होता आणि ऑक्सिजनची मुलं जास्त सुधारली. अभ्यास लहान आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

चेंबरच्या बाजूनं बोलणारे डॉक्टर म्हणतात, १.३ एटीएची हवा हा "खोटा" उपचार नव्हेच, कारण त्यातही ऑक्सिजन नेहमीपेक्षा वाढतो. हिशोबानं ते खरं आहे. २१ टक्क्यांची हवा १.३ पट दाबली की साधारण २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं होतं. पण मग एवढ्याशा वाढीनं आणि शुद्ध ऑक्सिजननं सारखाच गुण कसा येतो, याचं समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही. रोज तासभर शांत पडून राहणं, आपुलकीनं विचारपूस होणं, बरं होण्याची आशा, यांचाही गुण येतो. तो गुण खरा असतो. फक्त तो ऑक्सिजनचा असेलच असं नाही. अमेरिकेच्या लष्कर आणि माजी सैनिक विभागाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सौम्य मेंदू-इजेनंतरच्या लक्षणांसाठी हा उपचार वापरू नये असंच सांगतात.

भाऊ चेंबरनंतर आधीपेक्षा बरा आहे. पण त्याच काळात त्याचे व्यायाम, झोप आणि गोळ्यांची शिस्तही चालू होती. म्हणून त्याच्यावरून "चेंबरनं बरं होतं" असं मी कुणाला सांगत नाही, आणि तुम्हालाही एका माणसाच्या अनुभवावर लाखभर रुपये खर्च करू नका असंच सांगेन.

६. कोणी जाऊच नये

छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचलेली असेल आणि तिचा इलाज झाला नसेल, तर चेंबर जिवावर बेततो. ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध कधी घेतलं असेल, दारू सोडवण्याची डायसल्फिराम चालू असेल तर ते आधी सांगा. दम्याचा किंवा फुप्फुस फुगण्याचा आजार, फिट, ताप, सर्दी-सायनस, कानाचं ऑपरेशन, मोतीबिंदू, गरोदरपण, बंद जागेची भीती यातलं काहीही लपवू नका. मधुमेहींची साखर चेंबरमध्ये उतरू शकते. प्रत्येक सेशनआधी साखर तपासली जाते का, ते बघा. छातीचा एक्स-रे आणि कानाची तपासणी न करता थेट पहिल्या सेशनची तारीख देणाऱ्या सेंटरमधून परत फिरा.

७. सेंटरला फोन करताना हे विचारा

पुणे, मुंबईत चेंबर असलेली रुग्णालयं आणि सेंटर आहेत. जवळचं म्हणून नाही, उत्तरं नीट देतात म्हणून निवडा.

• दाब किती एटीए? शुद्ध ऑक्सिजन की हवा? कडक चेंबर की मऊ बॅग?
• एकट्यानं झोपायचं चेंबर आहे की अनेक जण बसतात तसं? अनेकांच्या चेंबरमध्ये ऑक्सिजन मास्क किंवा हूडमधून देतात आणि मदतनीस आत असतो.
• सेशन चालू असताना डॉक्टर इमारतीत असतात का? या उपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय?
• रुग्णालय म्हणून नोंदणी आहे का? फायर ऑडिट कधी झालं?
• एकट्याच्या चेंबरमध्ये ठिणगी पडू नये म्हणून रुग्णाला अर्थिंगची पट्टी बांधतात का?
• कन्कशनसाठी हा उपचार मान्य यादीत नाही, हे संमतीपत्रात लिहिलंय का?

शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस चिडला, तर तिथे जाऊ नका. "शंभर टक्के गुण" म्हणणाऱ्याकडेही नाही. एका सेंटरनं आम्हाला फोनवरच चाळीस सेशनचं पॅकेज आजच बुक केलं तर सूट, असं सांगितलं. रिपोर्ट बघायलाही मागितले नाहीत. तिथे आम्ही गेलो नाही.

"संशोधनात घेतो" असं कुणी म्हणालं, तर अभ्यासाचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी मागा. संशोधनासाठी म्हणून करायच्या गोष्टींचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

८. सोबत न्यायची फाईल

• अपघाताच्या दिवशीचा केसपेपर, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद, डिस्चार्ज कार्ड
• सीटी, एमआरआयचे रिपोर्ट आणि फिल्म किंवा सीडी
• न्यूरॉलॉजिस्ट, ईएनटी, नेत्र, फिजिओ यांचे कागद, न्यूरॉलॉजिस्टचं शिफारसपत्र
• छातीचा एक्स-रे, ईसीजी, साखरेचा रिपोर्ट
• चालू गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि घरगुतीसकट
• रविवारचे लक्षणांचे कागद
• आधार कार्ड, विम्याची पॉलिसी

मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या. अपघात रस्त्यावरचा असेल तर एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत त्याच फाईलमध्ये लावा. मोटार अपघात दाव्यात प्रत्येक बिल लागतं आणि दाव्याला मुदत असते, म्हणून वकिलांना पहिल्या महिन्यातच भेटा.

९. पैसे आणि मुक्काम

आठवड्यात पाच सेशन धरले तर चाळीस सेशनना आठ आठवडे. एक सेशन तासाभराचं, पण दाब चढवणं-उतरवणं, कपडे बदलणं, तपासणी धरून निम्मा दिवस जातो. सोलापूर-पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसनं रोज जाऊन-येऊन करू, असा विचारही करू नका. त्या हादऱ्यांनी आणि जागरणानं डोकं आणखी दुखेल. तिथे नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊनच राहावं लागतं. म्हणून सेशनचा दर गुणिले चाळीस, अधिक दोन माणसांचा दोन महिन्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च, अधिक बुडालेला पगार, असा पूर्ण हिशोब कागदावर मांडा. कारखान्यातल्या माणसाची दोन महिन्यांची मजुरी हा त्यातला मोठा आकडा असतो आणि सेंटरच्या कोटेशनमध्ये तो नसतो.

विम्यावर भरवसा ठेवून निघू नका. आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसींत "सिद्ध न झालेले उपचार" हे प्रमाणित अपवादांपैकी एक आहे आणि चेंबरसाठी २४ तास ॲडमिटही होत नाहीत. टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) लेखी होकार आल्याशिवाय मिळेल असं धरू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, सेंटरच्या मार्केटिंगवाल्याला नाही.

सगळी रक्कम आगाऊ भरू नका. दहा-दहा सेशनचे पैसे द्या, आणि मधे थांबलो तर परतावा किती, हे पावतीवर लिहून घ्या. दागिने गहाण ठेवून किंवा भिशी उचलून हा उपचार करायचा बेत असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे, करू नका. तेवढ्या पैशांत वर्षभराची फिजिओथेरपी होते.

१०. सेशनचा दिवस

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ठिणगीला क्षणात भडकवतो. १९९७ मध्ये इटलीत मिलानच्या एका चेंबरमध्ये हात शेकायच्या उपकरणामुळे आग लागून ११ जण गेले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय शहरात चेंबरच्या आगीत पाच वर्षांचं मूल गेलं. हे घाबरवायला नाही, पुढची यादी काटेकोर पाळावी म्हणून सांगते.

केसांना तेल नको. आपल्या घरांत खोबरेल लावल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, म्हणून मुद्दाम सांगते: आदल्या दिवसापासून तेल बंद, सकाळी केस धुऊनच जा. अत्तर, पावडर, क्रीम, बाम, व्हॅसलीन, नेलपेंट काही नको. मोबाईल, घड्याळ, लायटर, काडेपेटी, कानाचं मशीन, हीटिंग पॅड बाहेर. कपडे शंभर टक्के सुती आणि सेंटरनं दिलेलेच. नायलॉन, पॉलिस्टर, लोकरीचं अंगावर काही राहू देऊ नका. अंगावर घ्यायला घरची चादर नेली असेल तर तीही बाहेरच ठेवा. मदतनीस तपासत नसेल तर तुम्ही स्वतः खिसे तपासा. आत काही राहिलं असेल असं वाटलं तर सेशन थांबवा, भीड धरू नका.

दाब चढताना आत गरम होतं आणि कानांत दडे बसतात, घाटातून उतरताना बसतात त्याहून जास्त. आवंढा गिळा, जांभई द्या, किंवा नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. दुखायला लागलं तर लगेच हात वर करा. दाब थांबवता येतो. "थोडं सहन करा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कानाच्या पडद्याला इजा हा या उपचाराचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास आहे. दाब उतरताना गार वाटतं आणि धुकं जमतं, ते नेहमीचं आहे. तेव्हा श्वास रोखून धरू नका. सर्दी असेल त्या दिवशी सेशन रद्द करा, पैसे गेले तरी.

उपाशी जाऊ नका, पोटभर जेवूनही नको. दोन-तीन आठवड्यांनी लांबचं अंधुक दिसू लागलं तर घाबरू नका आणि लगेच चष्मा बदलू नका. नजर बहुधा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होते. फिट येणं क्वचित घडतं, पण ओठ थरथरणं, मळमळ, डोळ्यांपुढे वेगळंच काही दिसणं अशी चिन्हं वाटली तर तत्काळ सांगा.

रोजचे तोलाचे आणि चालण्याचे व्यायाम मुक्कामातही बंद ठेवू नका.

११. थांबायचं कधी, हे आधीच ठरवा

पहिल्या सेशनच्या आधी रविवारच्या कागदावरचे गुण लिहून ठेवा. वीस सेशननंतर पुन्हा भरा, शक्यतो सेंटरबाहेरच्या डॉक्टरांसमोर. फरक नसेल तर थांबा. "गुण तिसाव्यानंतर येतो," "अजून वीस घ्या," हे ऐकायला मिळेल. तेव्हा घरच्यांनी आधी ठरवलेली मर्यादा पाळायची.

फरक असेल तरी कागद भरणं सोडू नका. तीन महिने, सहा महिने आणि वर्षानं तोच कागद पुन्हा भरा, कारण जवानांच्या अभ्यासात सुरुवातीचा फायदा वर्षाच्या आत ओसरला होता. चक्कर पूर्ण थांबेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकी चालवू नका; बरं होत आलेल्या डोक्याला दुसरा मार फार महागात पडतो. आणि त्रास परत डोकं वर काढू लागला तर "बूस्टर सेशन"चे पैसे भरण्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावर परत या: कान, डोळे, मान, झोप, आणि त्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली तो आकडा.